रेडिओची बायको वाचायला शिकते

वस्तीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. धंद्यानं तो न्हावी. न्हावी बोलका असायचाच, पण याचं प्रकरण वेगळं होतं. दुकानाचं शटर वर गेलं की तोंडाचा पट्टा सुरू, तो शटर खाली येईपर्यंत. खुर्चीतल्या माणसाच्या गालाला साबण फासता फासता तो समोर उभं केलेलं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा, आणि बातमी जिथं संपायची तिथून पुढं पदरची जोडायचा. ज्यांना दाढी करायची नसे तेही बाकावर येऊन टेकत. एकदा एक गिऱ्हाईक अर्धी मिशी उतरवून तासभर बसून राहिलं, कारण रेडिओ कुठल्याशा बुडालेल्या जहाजाची हकिकत सांगत होता आणि वस्तरा हातातच राहिला होता.

त्याच्या बायकोला वस्ती वहिनी म्हणायची. ती मोठ्या दवाखान्याच्या धोबीखान्यात कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं भट्टीतून निघून तिच्या पुढ्यात येई आणि ती ते वॉर्डप्रमाणे लावून ठेवी. कपड्यांवर वॉर्डाची नावं शाईनं लिहिलेली असत, पण ती तिच्या उपयोगाची नव्हती. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं तिची युक्ती काढली होती: प्रत्येक वॉर्डाच्या कपड्याला काठाशी रंगीत दोऱ्याचा एक टाका. लाल म्हणजे ऑपरेशनचं, निळा म्हणजे बाळंतिणींचं, पिवळा लहान मुलांचं. तिच्या हातून कधी अभ्रा इकडचा तिकडे गेला नाही, आणि याचा तिला मनातून तोरा होता.

शिकायची गरज तिला कधी वाटलीच नाही. घरात वाचणारा होता, आणि तो न विचारताही वाचून दाखवायचा. लग्न झाल्या झाल्या त्यानं हौसेनं एक पाटी आणून तिच्या पुढ्यात ठेवली होती. "तुम्ही आहात ना," असं म्हणून तिनं त्याच पाटीवर लसूण सोलला. तो खूप हसला आणि पुढं कितीतरी दिवस दुकानात ते सांगत राहिला.

मग त्याचा आवाज बसायला लागला. आधी वाटलं सर्दी. मग वाटलं, एवढं बोलल्यावर बसणारच. गिऱ्हाइकं थट्टा करत की रेडिओची बॅटरी उतरली. जेवताना ठसका लागायला लागला, कानापर्यंत कळ जायला लागली, तेव्हा कुठं तो दवाखान्यात गेला. तोवर घशातली गाठ चांगली मुरली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे जीव वाचेल, पण बोलणं जाईल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो दिवसभर बोलला. वॉर्डातल्या लोकांशी, झाडूवाल्याशी, शिपायाशी, वहिनीशी. तिला वाटलं होतं, तो काहीतरी खास बोलेल. पण त्यानं तिला सांगितलं काय, तर दुकानातल्या कात्र्या कुणाला वापरायला देऊ नकोस आणि पाण्याचा नळ गळतोय तो बघून घे. रात्री भुलीचे डॉक्टर येऊन गेले तेव्हा तो गप्प झाला. ते त्याचं शेवटचं बोलणं, नळाबद्दलचं.

तो घरी आला तेव्हा गळ्याच्या खळगीत एक भोक होतं, त्यातून श्वास चालायचा. नाकातून एक बारीक नळी पोटात गेली होती, तिच्यातून अन्न आणि औषध घालायचं. सिस्टरनं वहिनीला सगळं करून दाखवलं होतं. आणि आता त्याच्या हातात पाटी आली. तो लिहायचा आणि वहिनी ती पाटी घेऊन शेजारच्या शिंपिणीकडे धावायची. शिंपीण चष्मा लावून वाचायची आणि वाचताना थोडी आपलीही भर घालायची. नवऱ्यानं 'उशी उंच कर' लिहिलं असेल, तर ती म्हणायची, "उशी उंच हवीय त्यांना, कंटाळलेत हो बिचारे, माणसानं किती सोसायचं." नवरा-बायकोमधलं सगळं बोलणं आता शिंपिणीच्या तोंडून जायला लागलं. त्यामुळं तो लिहीनासा झाला. एकदा त्यानं काहीतरी लिहिलं आणि वहिनी पाटी उचलून दाराकडे निघाली, तशी त्यानं तिच्या हातून ती ओढून घेतली आणि तळहातानं पुसून टाकली. काय होतं ते वहिनीला कधीच कळलं नाही.

आणि त्यानं हाय खाल्ली. औषध द्यायला गेलं की तोंड फिरवायचा, नळीला हात लावू द्यायचा नाही. वहिनीनं डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, त्याचं ऐकू नका, लहान मुलासारखं दामटून द्या, नाहीतर माणूस हातचा जाईल. हे वाक्य तिच्या डोक्यात घट्ट बसलं.

फळीवर दोन बाटल्या होत्या. दोन्ही तपकिरी, दोन्हींवर छापील कागद. एक पोटात द्यायचं औषध, दुसरी जखम धुवायची. वहिनीनं आपल्या सवयीनं पोटातल्या औषधाच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला होता. त्या दिवशी सकाळी फळी पुसताना दोरा ओला होऊन सुटला होता आणि फळीवर पडला होता. तिनं तो उचलून परत बांधला. कामावर जायची घाई होती.

तिनं वाटीत औषध काढलं तेव्हा त्याचं लक्ष बाटलीकडे गेलं. तो मान हलवायला लागला. तिला ते रोजचंच होतं. त्यानं तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, "आज मी ऐकायची नाही." त्यानं पाटी ओढली, घाईघाईनं लिहिलं आणि तिच्या डोळ्यांसमोर धरली, अगदी नाकाला लागेल इतकी जवळ. पांढऱ्या रेघा, गोल, उभे, आडवे. तिनं पाटी बाजूला सारली. तो पुन्हा धरायला लागला, पाटीवर बोट आपटायला लागला, आणि ती रडत, रागावत, त्याला दटावत नळीत ओतत राहिली. अर्धी वाटी गेल्यावर त्यानं तिच्या हाताला फटका मारून वाटी उडवली. पण तोवर जायचं ते गेलं होतं.

काही वेळानं तो पोट धरून वाकडा झाला. त्याला ओरडताही येईना. गळ्याच्या भोकातून नुसती फुसफुस येत होती. वहिनीच्या हाका ऐकून शिंपीण धावत आली, तिची नजर खाली पडलेल्या पाटीवर गेली आणि तिनं ती वाचली. या वेळी तिनं पदरचं काही घातलं नाही.

"ही जखम धुवायची बाटली आहे."

त्याला पुन्हा दवाखान्यात नेलं. तो वाचला, पण पोटातून रक्त पडलं आणि आधीच उतरलेला माणूस आणखी निम्मा झाला. तरुण डॉक्टरनं वहिनीला विचारलं की बाटलीवर एवढं मोठं लिहिलंय, वाचता येत नाही का. त्यानं रागानं विचारलं नव्हतं, खरंच माहिती हवी म्हणून विचारलं होतं. तिनं मान हलवली. त्यानं कागदावर तसं लिहून घेतलं. त्या आठवड्यात धोबीखान्यात नवऱ्याच्याच वॉर्डाच्या चादरी तिच्या पुढ्यात आल्या. धुऊनही डाग पुरते निघाले नव्हते, आणि काठाला तिचाच लाल टाका होता.

तो घरी आल्यावर त्यानं पाटीला हात लावला नाही. वहिनीनं पुढ्यात ठेवली तर तो भिंतीकडे तोंड करायचा. त्याचा राग होता का, की लिहून काही उपयोग नाही हे त्यानं मनाशी धरलं होतं, तिला काही कळेना. लेक लांबच्या शहरात नांदत होती. ती येऊन आठ दिवस राहिली, दोन्ही बाटल्या दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवून गेली. जाताना ती आईला म्हणाली की आता तरी नीट लक्ष दे. त्यात वावगं काहीच नव्हतं. तरी वहिनी त्यानंतर बराच वेळ मोरीत पाणी सोडून नुसती उभी राहिली.

मोफत वर्गाची बातमी शिंपिणीनंच आणली. वस्तीच्या टोकाला एका बंद पडलेल्या शाळेच्या खोलीत कुठल्याशा संस्थेनं मोठ्या माणसांचे वर्ग सुरू केले होते, दुपारचे, पहिली पाळी सुटल्यावर. बाकं लहान मुलांची होती. पहिल्या दिवशी वहिनी गेली तेव्हा एक आडदांड गवंडी बाकात अडकला होता आणि दोघंजण त्याला बाहेर ओढत होते. शिकवणारी बाई वयानं तिच्या लेकीएवढी होती. तिनं वहिनीला विचारलं, मावशी, तुम्हाला कशासाठी शिकायचंय. बाकीच्यांनी सांगितलं होतं, सही करायची आहे, बसवरची पाटी वाचायची आहे. वहिनीनं सगळं सांगितलं, बाटलीसकट. गवंडी खाली बघत राहिला.

बाईचं पुस्तक ठरलेलं होतं, संस्थेकडून आलेलं. त्यात चित्रं होती आणि चित्राखाली शब्द. वहिनीनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं, हे मला नको, मला माझ्या नवऱ्याचं अक्षर वाचायचंय. बाईनं समजावलं की सगळ्यांची अक्षरं तीच असतात. वहिनीला ते पटलं नाही. तिनं शिंपिणीकडून एक कागद मागून आणला होता, फार पूर्वी रेडिओनं शिंप्याला लिहून दिलेली मापं. तिनं तो बाकावर पसरला. पुस्तकातला 'क' पोटाशी गोल होता आणि रेडिओचा 'क' वाऱ्यावर निघाल्यासारखा तिरका. बाईनं कागद बराच वेळ पाहिला आणि फळ्यावर एक 'क' पुसून तिरका काढला. त्या दिवसापासून ती वर्ग सुटल्यावर वहिनीला थोडा वेळ जास्त थांबवून घ्यायची आणि तिरकी अक्षरं काढून दाखवायची.

वहिनीचं डोकं काही झरझर चालत नव्हतं. 'भ' आणि 'म' तिला एकाच आईची लेकरं वाटायची. काना कुणाचा आणि वेलांटी कुणाची यात ती हटकून फसायची. चादरी लावता लावता ती वॉर्डांची नावं पुटपुटायची, तर शेजारची बाई विचारायची, कुणाला शिव्या देतेस गं. एके दुपारी पाठ झालेली सगळी अक्षरं अचानक डोक्यातून गेली, फळ्यावर नुसत्या रेघा दिसायला लागल्या. ती उठून बाहेर आली. भिंतीला टेकून तिला वाटलं, हे सगळं कशासाठी चाललंय. ज्याच्यासाठी शिकतेय तो तर लिहायचाच थांबलाय. मग ती परत आत गेली, कारण घरी जाऊन त्याच्या पाठीकडे बघत बसणं त्याहून अवघड होतं.

घरी ती एक गोष्ट मात्र नेमानं करायची. औषध देण्याआधी बाटली त्याच्यासमोर धरून तिच्यावरचं अक्षर अन् अक्षर मोठ्यानं लावायची. "पो... टा... त... पोटात... घे... ण्या..." जोडाक्षर आलं की गाडी अडायची. तो नाकात नळी घेऊन, डोळे मिटून ताटकळत बसायचा. एवढं होईपर्यंत औषधाची वेळ टळून जायची. त्यानं एकदा हात जोडले. तरी तिनं सोडलं नाही.

एक दिवस तिनं वर्तमानपत्र आणलं. त्याचं दुकान आता दुसऱ्या न्हाव्यानं चालवायला घेतलं होतं, तो बिचारा मुका नसून मुक्यासारखाच होता, पण वर्तमानपत्र चालू ठेवलं होतं. वहिनी पलंगाजवळ बसून मथळा लावायला लागली. "ध-र-णा-चे पाणी... स-ड-णार." तिनं पूर्ण म्हणून दाखवलं, "धरणाचे पाणी सडणार."

त्यानं डोळे उघडले. तिनं पुन्हा तेच वाचलं. त्यानं पलंगावर चापट मारली. ती घाबरली, तिला वाटलं कुठं दुखतंय. त्यानं कागदाकडे बोट केलं आणि जोरजोरात मान हलवली. आयुष्यभर ज्यानं वस्तीला बातम्या वाचून दाखवल्या, त्याच्या घरात धरणाचं पाणी सडत होतं, हे त्याच्यानं सहन झालं नाही. त्यानं हात लांब करून पाटी घेतली आणि एकच अक्षर मोठ्ठं काढलं, 'सो'. मग काना आणि मात्रा गिरवून आणखी जाड केली.

"सो," वहिनी म्हणाली. "सोडणार. पाणी सोडणार होय."

ती दुसऱ्या दिवशी मुद्दाम चुकली, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यानं ओळखलं, तिच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, 'लबाड.' ते तिनं एका दमात वाचलं.

त्यानंतर तो लिहायला लागला. तिच्यासाठी त्याला लिहिण्याची तऱ्हा बदलावी लागली. बोलताना ज्याची वाक्यं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, तो आता दोन-दोन शब्दांत भागवायला लागला. जोडाक्षर टाळायचा. 'थंडी वाजते.' 'भाजी बरी.' नाकातली नळी निघाली होती, पातळ काही घशाखाली उतरत होतं. शिंपीण विचारायला आली की पाटी वाचायची आहे का, तर वहिनीनं दारातूनच सांगितलं, आज नाही.

एका सुट्टीच्या दिवशी त्यानं लिहिलं, 'केस काप.' तिनं दोनदा वाचून खात्री केली. त्याचे केस मानेवर आले होते आणि दुकानातला नवा न्हावी त्याला चालत नव्हता. त्यानं पेटीतली त्याची कात्री काढायला लावली, जी कुणाला देऊ नकोस म्हणून सांगितलं होतं ती. तो स्टुलावर बसला, केस आत जाऊ नयेत म्हणून गळ्याच्या भोकावर ओला रुमाल, मांडीवर पाटी, समोर आरसा. वहिनीनं एक बट कापली की तो लिहायचा, 'मागून कमी.' ती कात्री थांबवून, खांद्यावरून वाकून वाचायची आणि मग पुढं जायची. 'वाकडं.' 'सरळ धर.' 'कानाला जप.' एकदा तिनं जरा जास्तच घेतलं, तर त्यानं लिहिलं, 'दुकान बुडव.' तिला हसू आवरेना. त्याच्या गळ्याच्या भोकातूनही फुसफुस यायला लागली. आधी तिला भीती वाटली, मग कळलं की तोही हसतोय. तशी ती दोघं किती दिवसांत बसली नव्हती.

मानेवरचे केस उचलून ती कानामागं कात्री नेत होती तेव्हा तिच्या बोटांना काहीतरी कडक लागलं. कातडीखाली, चिंचोक्याएवढं, जागचं न हलणारं. तिनं बोट तिथंच ठेवलं. आरशात त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्यानं आपला हात मागं नेला, तिचं बोट बाजूला केलं आणि स्वतः चाचपलं. त्याच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. त्याला आधीपासून ठाऊक असावं. मग त्यानं पाटी उचलून लिहिलं, 'पुढं काप.' आणि तिनं उरलेले केस कापले.

मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं की रोग परत आला आहे. पुन्हा ऑपरेशन करता येईल, मोठं, मान आणि जबड्याचा भाग काढून. गुण येईल याची खात्री देता येत नाही. नाही केलं तर थोडे महिने. विचार करून सांगा, म्हणाले.

घरी आल्यावर वहिनीनं लेकीला फोन केला आणि लेकीनं एका शब्दात उत्तर दिलं, ऑपरेशन करायचं, मी येते. वहिनीला हायसं वाटलं. ती आत आली तर तो पाटीवर लिहीत होता. पूर्वीसारखं घाईनं नाही, सावकाश, एकेक अक्षर सुटं. त्यानं पाटी तिच्याकडे वळवली.

'आता परत कापायचं नाही.'

एका नजरेत कळलं तिला. अडखळायला कुठं जागाच नव्हती. इतके दिवस ती ज्याच्यासाठी धडपडली, ते अक्षर लावावं न लागता आपोआप वाचलं जाणं, ते त्या वाक्यापाशी झालं. आणि ती म्हणाली, "हे मला नाही लागत हो अजून. उद्या बाईंना विचारते." असं म्हणून तिनं पाटी घेतली आणि पदरानं पुसली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं हात पुढं केला. तिला पाटी द्यावीच लागली. त्यानं लिहिलं, 'लागतं तुला.'

वहिनी खाली बसली. तिनं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ती रडली. त्यानं तिच्या केसांतून बोटं फिरवली, न्हाव्याची बोटं, केस जोखत फिरावीत तशी. ते वाक्य मात्र त्यानं पुन्हा लिहिलं नाही आणि तिनंही विषय काढला नाही.

लेक आली तोवर दिवस फार भराभर गेले होते. गाठ वाढली, उजवा हात जड झाला, खडू बोटांत राहीना. कळा इतक्या यायच्या की डॉक्टरांनी झोपेचं औषध वाढवलं. तो जागा असायचा तेव्हाही अर्धा कुठंतरी दूर असायचा. लेकीनं बॅग ठेवली आणि विचारलं, ऑपरेशनची तारीख घेतली का. वहिनीनं सांगितलं, घेतली नाही. त्यांनी नको म्हणून लिहिलंय.

लेकीनं ती पाटी बघायला मागितली. पाटी कोरी होती. लेकीनं विचारलं, नक्की काय लिहिलं होतं, शब्द न् शब्द सांग. वहिनीनं सांगितलं. लेक कोऱ्या पाटीवरून बोट फिरवत म्हणाली, "आई, 'कापायचं का नाही' असं असेल. बाबांनी तुला विचारलं असेल. तुझा एक 'का' सुटला असेल."

रागावून म्हटलं असतं तर तिनं उलटून सांगितलं असतं. पण लेक रडवेल्या आवाजात, समजूत घालावी तसं बोलत होती. आणि काना, मात्रा, अक्षरं आपल्या हातून सुटतात हे वहिनीला पुरतं ठाऊक होतं. धरणाचं पाणी तिनंच सडवलं होतं. पाटी पुसताना तिनं दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नव्हतं. एकदा न वाचता आल्यानं आपण त्याला मरणाच्या दारात नेलं, आता वाचता आल्यानं दारापलीकडे ढकलतोय की काय, हा विचार तिच्या डोक्यात घुसला आणि निघेना.

तिनं त्याला विचारून पाहिलं. कानाशी वाकून म्हणाली, "अहो, त्यात 'का' होता का?" त्याचे डोळे उघडले, तिच्यावर थांबले आणि मिटले. लेकीनंही विचारलं, "बाबा, ऑपरेशन करायचं ना?" तेव्हाही तसेच उघडले आणि मिटले.

धोबीखान्यात कपडे लावता लावता ती ते वाक्य डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करायची. 'परत' दिसायचं. 'कापायचं' दिसायचं, त्याचा तो तिरका 'क'. त्यापुढं कधी 'का' असायचा, कधी नसायचा. जितकं आठवावं तितकं ते पुसट व्हायचं. वर्गातल्या बाईंकडे जाऊन तिनं सगळं सांगितलं. बाई म्हणाली की मावशी, मी तिथं नव्हते, मी काय सांगू. तिनं वहिनीचा हात हातात घेतला, एवढंच. संस्थेनं वर्ग बंद करायचं ठरवलं होतं आणि बाई त्या दिवशी फळा उतरवून ठेवत होती. ती म्हणाली, दुसरीकडे जागा मिळाली तर कळवेन.

परत येताना वहिनीला वाक्य आठवलं नाही, पण वाक्यानंतरचा तो आठवला. कुणी विचारतं तेव्हा उत्तराची वाट बघतं. दुकानात तो गिऱ्हाइकाला 'मिशी ठेवायची का' असं विचारायचा तेव्हा वस्तरा वर धरून थांबायचा. त्या दिवशी तो थांबला नव्हता. त्यानं 'लागतं तुला' लिहिलं होतं आणि पाटी स्वतःच बाजूला ठेवली होती.

हा काही पुरावा नव्हता. ते तिलाही कळत होतं.

मोठ्या डॉक्टरांसमोर लेकीनं ऑपरेशनचं बोलणं काढलं. डॉक्टर म्हणाले, रुग्णाची इच्छा काय आहे. लेक म्हणाली, ते आता सांगू शकत नाहीत. वहिनी उभी राहिली.

"त्यांनी सांगितलंय. लिहून सांगितलंय, मी वाचलंय. परत कापायचं नाही."

लेकीनं तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, नक्की ना. वहिनी हो म्हणाली. त्या 'हो'च्या आत केवढी पोकळी होती ते तिचं तिलाच माहीत.

त्यानं घरीच प्राण सोडला, एका सकाळी, ती उशीचा अभ्रा बदलत असताना. लेकीनं सगळं केलं, धावपळ केली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी दिलं, पण आईशी कामापुरतंच बोलली. निघताना म्हणाली, "मी तुला दोष देत नाही." आणि मग फोन येईनासा झाला. वहिनी करायची तर जावई उचलायचा, ती कामात आहे म्हणायचा.

वर्ग पुढं कधीतरी एका गोदामाच्या माडीवर पुन्हा सुरू झाला. वहिनी गेली. निम्मे चेहरे नवे होते. आजवर ती फक्त वाचायला शिकली होती, लिहायची तिला गरजच पडली नव्हती. तिनं बाईला सांगितलं की मला एक चिठ्ठी लिहायची आहे, पण तुम्ही सांगायचं नाही, चुकलं तर चुकू द्या. सबंध दुपार त्यात गेली. बाजूचे उठून गेले, बाई खिडक्या लावून ताटकळत बसली. वहिनीनं लिहिलं:

'त्यांनी लीहीलं आता परत कापायच नाही. मी एकदाच वाचल. मला का दीसला नाही. मी खोट सागत नाही. आई.'

पत्ता बाईनं घातला. वहिनीनं स्वतः जाऊन चिठ्ठी पेटीत टाकली आणि ती आत पडल्याचा आवाज ऐकला.

बऱ्याच दिवसांनी लेकीचा फोन आला. मुलांची शाळा, पाण्याची टंचाई, सासूचा गुडघा, असं काय काय बोलली. चिठ्ठीचं नाव काढेना. वहिनीही काढेना. मग लेक थांबली, आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायला लागला.

"किती वेळ लागला गं तुला ते लिहायला?" तिनं विचारलं.

"एक दुपार."

लेक पटलं असं म्हणाली नाही, नाही पटलं असंही नाही. काही वेळानं तिनं विचारलं, जेवलीस का. वहिनी म्हणाली, जेवायचंय अजून. मग दोघी फोन कानाला लावून तशाच राहिल्या, आधी कुणी ठेवायचा ते ठरत नव्हतं.